शिल्पकार विनायकराव करमरकर

मुंबई-पुण्यापासून वऱ्हाडांतील वाशीम-कारंज्यापर्यंत आज महाराष्ट्रांत असें मोठें गांव विरळा, कीं ज्याच्या चौकांत कोणा ना कोणा थोर पुरुषाचा पुतळा उभा नाहीं. पुतळा कोणाचा, हें शाळेंत जाणारें मूलहि सांगतें. तो कोणीं घडविला असें विचारलें, तर मात्र जाणतीं माणसेंहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. चित्राच्या कोपऱ्यांत चित्रकाराची सही असते. पुस्तकावर लेखकाचें नांव असतें. गाण्याच्या तबकडीवरसुद्धां गाणाराचें नांव छापलेलें असतें. पुतळ्याच्या चौथऱ्यावर नांव कोरलें जातें तें ज्याचा पुतळा त्याचें, अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचें आणि फार तर वर्गणी जमविणाऱ्या मंडळींचें. शिल्पकाराची सही असलीच, तर ती कोठें तरी खुराजवळ किंवा अंगरख्याच्या घडीजवळ बारीक अक्षरांत असते, आणि कबुतरांखेरीज सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

पुण्यास शिवाजीनगर भागांत, श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत, छत्रपति शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें १६ जून १९२८ रोजीं त्याचें अनावरण झालें. साडेतेरा फूट उंचीचें आणि सुमारें आठ टन वजनाचें हें ब्राँझचें काम ज्याच्या हातून उतरलें, त्या माणसाचें वय त्या दिवशीं अवघें छत्तीस वर्षांचें होतें. त्याचें नांव विनायक पांडुरंग करमरकर.

या कामाचें मोल कळावयाचें, तर आधीं जुन्या मुंबईच्या रस्त्यांवरून थोडें फिरून आलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत जे पुतळे उभे राहिले, ते जवळजवळ सगळे बोटींतून आले. कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली यांचे संगमरवरी पुतळे लंडनच्या बेकनच्या कारखान्यांतले. महाराणी व्हिक्टोरियाचा १८७२ सालीं बसविलेला पुतळा मॅथ्यू नोबल याचा. युवराज असतांनाच्या सातव्या एडवर्डचा, १८७९ सालचा, घोड्यावर बसलेला पुतळा बोएम याचा. त्यासाठीं पैसे दिले आल्बर्ट ससून यांनीं. म्हणजे पैसा मुंबईचा, हात परदेशचा. याच घोड्यावरून एका अख्ख्या भागाला 'काळा घोडा' हें नांव पडलें. १९६५ सालीं घोडा आणि स्वार दोघेहि भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेले, पण नांव मात्र जागचें हललें नाहीं. पुतळ्यांच्या नशिबीं असले चमत्कार पुष्कळ असतात.

मुंबईचें सर जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय १८५७ सालीं निघालें. १८६५ पासून तेथें जॉन लॉकवुड किपलिंग हे शिल्पकलेचे शिक्षक होते. प्रसिद्ध साहित्यिक रुडयार्ड किपलिंग यांचे हे वडील. विद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून मुंबईच्या नव्या इमारतींवर वेलबुट्ट्या, पशुपक्षी, मुखवटे असें कोरीव काम पुष्कळ करवून घेण्यांत आलें; परंतु मनुष्याची संपूर्ण आकृति, तीहि स्वतंत्र कल्पनेची, एतद्देशीय माणसानें घडवावी ही अपेक्षा फारशी कोणी धरली नव्हती. ती अपेक्षा १८९६ सालीं गणपतराव म्हात्रे या विशींतल्या तरुणानें उलटी करून टाकली. पूजेचें साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारी लुगड्यांतली तरुणी, 'मंदिरपथगामिनी', ही त्याची प्लॅस्टरची मूर्ति पाहून लोक थक्क झाले. रवींद्रनाथ ठाकुरांनीं तिच्यावर बंगालींत निबंध लिहिला. लंडनमध्यें सर जॉर्ज बर्डवुड यांनीं नुसतें छायाचित्र पाहून तिची मुक्तकंठानें स्तुति केली, आणि त्या भरांत ती संगमरवराची आहे असेंहि ठरवून टाकलें. पुढें म्हात्रे यांना संस्थानिकांचीं व सरकारी कामें भराभर मिळूं लागलीं. मुंबईंतील न्यायमूर्ति रानडे यांचा पुतळा त्यांचाच. 'मंदिरपथगामिनी'सारखें, कोणीं न सांगतां केलेलें, काम मात्र त्यांच्या हातून क्वचितच झालें. करमरकरांच्या पिढीपुढें आदर्श होता तो म्हात्र्यांचा, आणि इशाराहि त्यांचाच.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजीं अलिबाग तालुक्यांतील सासवणें या गांवीं झाला. मुंबई बंदराच्या मुखापलीकडे, मांडव्याहून अलिबागकडे जातांना किनाऱ्याला लागून हें गांव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताचीं खाचरें, कोळ्यांच्या होड्या आणि बाराहि महिने खारा वारा. कोंकणांतल्या अशा गांवांतून भाद्रपदापूर्वीं गणपति करण्याचें काम चालतें आणि मुलें चिखलाला हात लावण्यास तेथेंच शिकतात. करमरकरांच्या घरींहि गणपति होत. ओल्या मातीवर अंगठा किती दाबला म्हणजे गाल फुगतो आणि किती दाबला म्हणजे बसतो, हें ज्ञान कोणत्याहि विद्यालयाच्या पहिल्या वर्षाहून जुनें आहे. शाडूच्या गणपतीला दहा दिवसांचें आयुष्य; तेव्हां चूक झाली तरी ती दहा दिवसांनीं पाण्यांत जाते. शिकाऊ हाताला याहून सोयीची शाळा नाहीं.

गांवांतील देवळाच्या भिंतीवर या मुलानें शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें होतें, आणि कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड हे फिरतीवर आले असतां तें त्यांच्या दृष्टीस पडलें, असें सांगतात. अशा गोष्टींविषयीं थोडें सावध असावें. इटलींतहि जिओत्तो या चित्रकाराबद्दल अशीच कथा आहे: मेंढ्या राखणारा पोर दगडावर मेंढीचें चित्र काढीत होता, आणि वाटेनें जाणाऱ्या चिमाबूए या थोर चित्रकारानें त्याला उचलून शिष्य केलें. मोठ्या कलावंताचें बालपण लोकांना असें घडवून घ्यावेंसें वाटतें. परंतु रॉथफील्ड यांच्या बाबतींत गोष्ट अगदींच असंभाव्य नाहीं. हा आय. सी. एस. अधिकारी नुसता सारा वसूल करणारा नव्हता. हिंदी स्त्रियांवर त्यांनीं पुढें एक ग्रंथ लिहिला आणि त्यांतील चित्रें महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याकडून काढवून घेतलीं. भिंतीवरचें चित्र पुसून टाकण्याचा हुकूम देणारे कलेक्टर त्या काळीं पुष्कळ निघाले असते. यांनीं मुलाला मुंबईच्या कलाविद्यालयांत पोंचविलें.

तेथील शिक्षणाचा पाया युरोपीय. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृति समोर ठेवून अभ्यास करावयाचा, मग जिवंत माणूस बसवून त्याचा हुबेहूब पुतळा मातींत उतरवावयाचा. हाडें, स्नायू, तोल यांचें ज्ञान पक्कें होई. स्वतःची कल्पना असली तर ती ज्यानें त्यानें सांभाळावी. करमरकरांचा हात या शिस्तींत तयार झाला. पुढें १९१६ च्या सुमारास सुरेंद्रनाथ ठाकुरांनीं त्यांना कलकत्त्यास बोलावून घेतलें. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे आणि सत्येंद्रनाथांचे चिरंजीव. सत्येंद्रनाथांची सारी नोकरी मुंबई इलाख्यांत गेली होती, त्यामुळें या घराला मराठी माणूस परका नव्हता.

कलकत्त्यांत त्या वेळीं अवनींद्रनाथ आणि त्यांचे शिष्य यांचा काळ होता. युरोपीय पद्धतीचें हुबेहूब चित्रण म्हणजे दास्य, हिंदी कलेनें अजिंठ्याकडे आणि मोगल चित्रांकडे वळावें, असा तेथील रिवाज. अशा शहरांत, ठाकुरांच्याच आश्रयानें, हा कोंकणांतला तरुण मुंबईच्या पद्धतीचे हुबेहूब पुतळे घडवीत राहिला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. वादांत उतरण्याचा त्याचा स्वभाव दिसत नाहीं, आणि वाऱ्याबरोबर वळण्याचाहि नाहीं. १९२० च्या सुमारास तो लंडनच्या रॉयल अकॅडमींत गेला, शिकला, आणि परत येऊन पुन्हां मातीला बसला.

याच सुमारास इकडे पुण्यांत शिवस्मारकाचा उद्योग चालू होता. रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ टिळकांनीं १८९५ सालीं उभी केली, तेव्हांपासून शिवाजीमहाराजांचें स्मारक हा विषय महाराष्ट्रांत पेटता होता. कोल्हापूरचे शाहू छत्रपति आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनीं पुण्याच्या स्मारकाचा भार उचलला. १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं इंग्लंडच्या युवराजांच्या हस्तें भांबुर्ड्यास त्याची कोनशिला बसली. दोनच दिवसांपूर्वीं हे युवराज मुंबईस उतरले, तेव्हां बहिष्कार, हरताळ आणि दंगल यांनीं शहर पेटलेलें होतें. इंग्रज राजपुत्रानें शिवाजीच्या स्मारकाला हात लावावा हें पुष्कळांना रुचलें नाहीं. संस्थानिकांचें म्हणणें असें, कीं साम्राज्याच्या वारसाला छत्रपतींपुढें उभें राहावें लागलें, हाच छत्रपतींचा विजय. दोन्ही पक्ष आपापल्या जागीं राहिले आणि कोनशिला नुसतीच उन्हापावसांत पडून राहिली. ६ मे १९२२ रोजीं शाहू महाराज वारले. ५ जून १९२५ रोजीं माधवराव शिंदे पॅरिसमध्यें वारले. काम पुढें नेण्याचें कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या वांट्याला आलें. त्या काळीं रूढ असलेल्या १६२७ या जन्मसालाप्रमाणें १९२७ सालीं त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाले आणि पुतळ्याची निकड सर्वांनाच भासूं लागली. हें काम करमरकरांचें झालें.

पहिली अडचण चेहऱ्याची. राणीचा पुतळा करणाऱ्या नोबलपुढें राणी बसूं शकत होती. करमरकरांपुढें होतीं तीं जुनीं, लहान आकाराचीं, आणि बहुतेक एका बाजूनें काढलेलीं चित्रें. डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथांत महाराजांचें चित्र छापलेलें आहे. इटालियन प्रवासी मनुची याच्या संग्रहांतहि घोड्यावर बसलेले महाराज आहेत. महाराष्ट्रांत मात्र दीर्घ काळ भलत्याच माणसाचें एक चित्र शिवाजीचें म्हणून चालत असे. वा. सी. बेंद्रे यांनीं डच चित्र लोकांपुढें ठेवून तो घोटाळा निस्तरला तो १९३३ सालीं, म्हणजे पुतळा उभा राहिल्यावर पांच वर्षांनीं. शिवाय एका बाजूचें चित्र नाक आणि दाढी देतें, पण कपाळाची रुंदी, दोन डोळ्यांमधील अंतर, मानेची ठेवण यांविषयीं कांहींच सांगत नाहीं. चित्रकाराला तेवढी एक बाजू पुरते. शिल्पकाराला माणसाभोंवतीं चहूंकडून फिरावें लागतें, आणि न दिसलेली बाजू दिसलेल्या बाजूशीं इमान राखून स्वतःच उभी करावी लागते. सासवण्याच्या भिंतीवर जें सोपें गेलें असेल, तें येथें सोपें राहिलें नाहीं.

दुसरी अडचण धातूची. अश्वारूढ पुतळा हा शिल्पकलेंतला सर्वांत कठीण प्रकार समजतात, त्याचें कारण साधें आहे: स्वार आणि घोड्याचें धड मिळून सारें वजन बारीक पायांवर येतें. प्रथम लोखंड व लांकूड यांचा सांगाडा उभारून त्यावर माती चढवावयाची. माती ओली राखली पाहिजे. कोरडी पडली कीं भेगा जातात, फार ओली झाली कीं आपल्याच वजनानें खचते. मातीचा घोडा मनासारखा झाला म्हणजे त्यावरून प्लॅस्टरचा सांचा काढावयाचा. मग ओतकामाचा सांचा तयार करून, त्याच्या पोटांत गाभा असा बसवावयाचा, कीं सांचा आणि गाभा यांमध्यें सर्वत्र सारखी, थोडक्या जाडीची पोकळी राहील. ही पोकळी म्हणजेच पुतळा. तांबें व कथील यांचा तप्त रस तींत ओततांना आंतली हवा बाहेर पडण्यास वाटा ठेवाव्या लागतात. सांचा कोठें दमट राहिला, तर वाफ कोंडून तो फुटतो. रस ओततांना मध्येंच खंड पडला, तर थंड झालेल्या थरावर नवा थर एकजीव होत नाहीं, आणि महिन्यांचें काम क्षणांत वायां जातें.

म्हणून एवढे मोठे पुतळे बहुधा निरनिराळ्या तुकड्यांत ओततात व मागाहून जोडतात. करमरकरांनीं घोडा आणि स्वार एकसंध ओतावयाचे ठरविलें. हें काम मुंबईच्या माझगांव गोदींत झालें. तेथील कारागीर जहाजांच्या कामांत मुरलेले. भट्ट्या मोठ्या, याऱ्या दणकट. कलेची जाण असलेल्या कारखान्यापेक्षां ज्यांना टनांनीं तोललेला धातु भीति घालीत नाहीं, असे लोक येथें हवे होते, हें ओळखण्यांतच अर्धें यश होतें. एवढ्या मोठ्या पुतळ्याचें असें एकसंध ओतकाम हिंदुस्थानांत पूर्वीं झालें नव्हतें, असें मानतात. पुतळ्यापुरतें तें खरें असेल. धातूपुरतें मात्र दक्षिणेला कांहीं नवें नव्हतें: विजापुरास असलेली 'मुलूखमैदान' ही सुमारें पंचावन्न टनांची तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली, आणि ओतणाऱ्या महंमद बिन हुसेन रूमी याचें नांवहि तोफेवर आहे. चारशें वर्षांपूर्वींचा निजामशाही दरबार कारागिराच्या नांवाच्या बाबतींत नंतरच्या स्मारकसमित्यांपेक्षां उदार होता, असें म्हणावें लागतें.

सांचा फुटला नाहीं. रस सगळीकडे पोंचला. मुंबईहून घाट चढून पुतळा पुण्यास आला आणि जूनच्या पावसांत उभा राहिला. परदेशांतून बोटीनें न आलेला, मराठी माणसानें कल्पिलेला आणि मुंबईच्या कामगारांनीं ओतलेला हा घोडा पाहण्यास लोटलेल्या लोकांत, सातव्या एडवर्डचा काळा घोडा पाहून आलेले किती तरी असतील. दोन्ही घोड्यांमधलें अंतर एकोणपन्नास वर्षांचें.

या यशानंतर करमरकरांकडे कामांचा ओघ लागला, आणि म्हात्र्यांना भेटलेला तो जुना पेंच त्यांनाहि भेटला. मागणीवरून पुतळा करणें हा धंदा बाहेरून दिसतो तितका मानाचा नाहीं. ज्याचा पुतळा करावयाचा तो गृहस्थ बहुधा स्वर्गवासी झालेला. हातीं एखादें पुसट छायाचित्र. घरच्या मंडळींना मिशी थोडी भरदार हवी, समितीच्या अध्यक्षांना पागोटें थोडें मागें हवें, आणि सर्वांनाच काम थोडें स्वस्त हवें. चांगल्या शिल्पकाराची शक्ति अशा घासाघिशींत झिजते. त्या पिढींतले इतर थोर शिल्पकारहि याच वाटेनें गेले. वसईचे रघुनाथराव फडके हे तर कोणत्याहि कलाविद्यालयांत न शिकतां मोठे झाले. मुंबईच्या चौपाटीवर १९३३ सालीं बसलेला लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. शिर्डीच्या समाधिमंदिरांत १९५४ सालीं बसविलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ति बाळाजी वसंत तालीम यांची. तिच्यापुढें रोज हजारों माणसें हात जोडतात. तालिमांचें नांव त्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल, हें विचारण्यांत अर्थ नाहीं.

करमरकरांनीं या पेंचांतून एक वाट काढली, आणि ती सिमेंटची होती. ब्राँझला धनको लागतो, संगमरवराला खाण आणि पैसा लागतो. सिमेंटचें पोतें कोणीहि विकत आणूं शकतो. इमारतीच्या या रुक्ष, करड्या पदार्थाकडे त्या काळचे प्रतिष्ठित शिल्पकार फारसे वळत नसत. करमरकरांना त्याचा गुण कळला होता. तें उघड्यावर, पावसांत आणि खाऱ्या वाऱ्यांत टिकतें. सांच्यांत ओततां येतें. आणि मुख्य म्हणजे त्यासाठीं कोणाची परवानगी घ्यावी लागत नाहीं. दोष एवढाच, कीं तें घट्ट होण्याची वाट पाहत नाहीं; हात जलद चालला पाहिजे. आंतल्या लोखंडी सळयांपर्यंत खारी हवा पोंचली, तर गंज फुगून मूर्ति आंतून तडकते. ज्याला समुद्राची संवय जन्मापासूनची, त्याला हें निराळें सांगावें लागत नव्हतें.

सासवण्याच्या घरीं आणि आवारांत त्यांनीं ज्या मूर्ति घडविल्या आणि जमविल्या, त्या पाहिल्या म्हणजे पुण्याचा घोडा घडविणारा माणूस मनांतून कोणाकडे पाहत होता तें कळतें. कोळी स्त्रीपुरुष, राबणारीं माणसें, गांवचीं मुलें, गाईगुरें. 'मत्स्यगंधा' ही तरुण कोळीण पुराणांतल्या नांवाची. पण तिच्या कांसोट्यांत आणि उभें राहण्याच्या ढबींत पुराण नाहीं, सासवण्याचा किनारा आहे. 'शंखध्वनि' हें त्यांचें दुसरें गाजलेलें शिल्प. शंख फुंकणाऱ्याची छाती आणि गाल यांवरचा ताण पाहणाऱ्याला क्षणभर स्वतःचा श्वास रोखावयास लावतो. ज्यांच्या स्मारकासाठीं कधीं समिति नेमली जाणार नाहीं, कोनशिला बसणार नाहीं, वर्गणी निघणार नाहीं, अशांच्या या मूर्ति आहेत. टीकाकारांनीं त्यांना जुन्या वळणाचें यथातथ्य काम म्हणून बाजूला सारलें. त्या वेळीं मुंबईंतल्या तरुण शिल्पकारांना मनुष्याकृति मोडून पाहण्याचा ध्यास लागला होता, आणि करमरकरांनीं कलकत्त्यांत जसा वाद घातला नाहीं, तसा तो येथेंहि घातला नाहीं. तौलनिक दृष्टीनें पाहतां या मूर्तींत नवें तंत्र फारसें नाहीं, हें टीकाकारांचें म्हणणें खोटेंहि नाहीं. पण कोळणीच्या मानेचा भार आणि तिचा ताठा हीं दोन्हीं एकाच वेळीं दाखविणारें काम त्या नव्या तंत्रांतून तरी किती निघालें, हेंहि तोलून पाहावें.

आयुष्याच्या अखेरच्या काळांत भारत सरकारनें त्यांना 'पद्मश्री' दिली. १३ जून १९६७ रोजीं ते वारले. पुण्याच्या पुतळ्याच्या अनावरणाच्या वाढदिवसाला तेव्हां तीन दिवस उरले होते.

मांडव्याला बोटीनें उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलें, कीं सासवणें येतें. तेथें त्यांचें घर आणि आवार मिळून झालेलें संग्रहालय आहे. प्रवेशापाशींच एक म्हैस आहे, खऱ्या म्हशीएवढी. जवळ जाईपर्यंत ती सिमेंटची आहे हें लक्षांत येत नाहीं. आंत भिंतीच्या कडेनें, झाडांखालीं, खोल्यांतून करमरकरांचीं माणसें बसलेलीं आणि उभीं आहेत. संग्रहालयाला नांव दिलेलें आहे तें कोणा राजाचें किंवा गव्हर्नराचें नाहीं. तें 'करमरकर शिल्पालय' आहे.